जुळं केळं

फैजपूर. मे महिना. रात्रीचे अकरा वाजलेत,
तरी भिंतीला हात लावला की तवा आठवतो.
प्रयोगशाळेत पंखा एकच, तो मी संगणकाकडे वळवलाय.
माझ्यापेक्षा त्याला गरज जास्त.

पडद्यावर अणुकेंद्र नाही. ते कुणी पाहिलंय?
आकड्यांची चौकट आहे, बाराशे ओळी, बाराशे रकाने,
आणि तिला विचारायचं एवढंच:
न्यूट्रॉननं न्यूट्रॉनचाच हात धरायचा,
की कधी प्रोटॉनचाही?

आमच्या आईनं म्हणे जुळं केळं खाल्लं होतं.
सावद्याची आत्या अजून शपथेवर सांगते,
"म्या म्हनलं तिले, नको खाऊ वं ते जुयं केयं, तं हासली."
मग मी आणि लीलाधर, अकरा मिनिटांच्या अंतरानं.

पुस्तकात प्रोटॉन-न्यूट्रॉन एकाच कणाचे दोन चेहरे,
फरक एवढाच, की एकावर भार असतो.
आमच्यात तो त्याच्यावर आला:
बाग, मोटार, मजुरांची हजेरी, ट्रकवाल्यांचे फोन.
म्हणून मी हलकी राहिले असं नाही.
न्यूट्रॉन केसाएवढा जडच असतो.
वर्गात हे वाक्य आलं की दरवर्षी मी जराशी थांबते,
पोरांना वाटतं, खडू तुटला.

दोन्हीकडची संख्या सारखी असली तर जुळतं.
बत्तीस आणि बत्तीस.
एकाच कवचात, एकाच पायरीवर,
दोघांची गिरकी एकाच दिशेची.
मग न्यूट्रॉन वाढतात. चौतीस. छत्तीस. चव्वेचाळीस.
भांडण कुणाचंच होत नाही.
वरच्या पायऱ्या भरत जातात फक्त,
आणि जो तो आपल्या पायरीवरच्या, आपल्यासारख्याचा हात धरतो.

घरात वहिनी आली, मग पोरं, मग वहिनीचा भाऊ हिशेबाला.
मी पुण्याला सहा वर्षं, परत आले ते दोन पेट्या कागद घेऊन.
लीलाधर आता माझ्याशी भावाबद्दलच बोलतो,
म्हणजे केळीच्या.

मॉडेलमध्ये एक खुंटी आहे, त्या दोघांमधल्या ओढीचं माप.
ती शून्यावर ठेवली तर क्षय भलताच वेगानं होतो,
प्रयोगवाले हसतात.
फिरवत नेली की पहिलं उत्तेजन खाली येऊ लागतं:
चार, तीन, दीड.
केंद्र मऊ पडतं, पिकत घातलेल्या घडासारखं,
बोट लावलं की थरथर.
अजून केसभर फिरवली,
आणि वर्गमुळाखाली ऋण संख्या.
ऊर्जा: काल्पनिक.
मॉडेल कोसळलं.

खरं केंद्र कोसळत नाही, ते आहे तिथं मजेत आहे.
कोसळतं आम्ही धरून चाललेलं,
की हे दोघे मुळात वेगळे
आणि ओढ म्हणजे वरून भुरभुरलेलं मीठ.

बारा वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.
बॅटरीची टी-टी चालू, आणि खाली फटफटीचा आवाज.
लीलाधर. गाडी भरून परत चाललेला, खिडकीत उजेड पाहून वळला.
"कितीवर आलं?"
"शून्य पूर्णांक सत्त्याण्णववर कोसळलं."
"आमचं बी. सातशेवर."

त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून ते.
एका सालीत दोन.
"पेटीत चालत नाही असं. बाहेरदेशी तर नाहीच."
मी सोलायला घेतलं तर म्हणाला, थांब,
तुझ्याकडे तो बारीक काटा आहे ना? वजन कर आधी.

मोबाईलच्या उजेडात केलं. दोनशे बारा ग्रॅम.
त्याला सांगितलं, की केंद्रात एकत्र बांधलेल्या दोघांचं वजन
सुट्या दोघांच्या बेरजेहून थोडं कमी भरतं,
तेवढं वजन बांधण्यात जातं.
"मंग यांचं किती गेलं?"
सुटं केल्याशिवाय कळणार नाही, म्हटलं.

सुरी ड्रॉवरमध्ये होती. दोघांनाही माहीत होतं.
तो बाकावर बसला, शर्टाची वरची दोन बटणं काढून.
लाईट आली तेव्हा पंखा
संगणकाकडे तोंड करूनच फिरायला लागला,
आणि खुंटी मी पंच्याण्णववर आणून ठेवली.