थांबल्याची वेळ

डुलुथ. काचेपलीकडे गोठलेलं सरोवर.
आर्डिस हॉगन चार्ट उघडते:
लेह्तिनेन, केमो, सुरू नऊ-दहा.
थांबल्याची वेळ कोरी.

शेवट लिहिला नसेल
तर बिलात तास धरत नाहीत;
उरते नुसती टोचणी.

नर्सला विचारलं. उत्तर आलं चारला:
‘नळी काढली पावणेबाराला.
औषध मात्र अकरालाच संपलेलं.
म्हातारबा सांगत होते,
बर्फाला भोक पाडून गळ टाकला
की पहिला तास माशाचा नसतोच.’

पावणेबारा धरले, तर तिसरा तास बसतो.
आर्डिस अकरा टाकते. कोड दोन.
मधली पंचेचाळीस मिनिटं
विम्याच्या कुठल्याच रकान्यात मावत नाहीत.

साडेपाचला गाडीची काच खरवडताना
लांब बर्फावर एक कंदील दिसतो.
कुणाचा तरी दुसरा तास.