तीन तोळे

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथं आधी
मोडक्या खुर्च्या होत्या, आता एक स्कॅनर आहे आणि मी.
विट्यात दुपारी दोनला वीज जाते,
म्हणून माणसं सकाळीच उरकून घेते.

माणसं येतात साडीच्या घडीतून, एलआयसीच्या पाकिटातून.
एकदा तर पिठाच्या डब्यातून आला
कोइमतूरच्या दुकानापुढं उभा कुणाचा तरी थोरला,
हातात चिमटा, डोक्यावर तमिळ पाटी,
मागच्या बाजूला शाईनं : मी बरा आहे. भट्टी चालू आहे.
ब्रशनं पीठ झाडलं. थोडं मिशीत राहिलं.
तसंच स्कॅन केलं.

नाव, गाव, साल, कुणी काढला.
शेवटच्या रकान्यात बहुतेक एकच : इलाही तांबोळी.
यात्रेतली कुस्ती, विहिरीला लागलेलं पाणी,
मेलेलं मूल मांडीवर घेऊन सरळ बघणारी बाई.
तिची लेक म्हणाली, हा जगाला दाखवू नका.
तुमच्याकडं ठेवा. पण ठेवा.
असा पर्याय मशीनमध्ये नव्हता. मी वहीत लिहिला.

पण तांबोळींच्या काचा कुठं गेल्या,
ज्यांच्यातून हे सगळे निघाले?
महिनाभर विचारत होते.
मग आनंदा देवकर आले, चपला दाराबाहेर काढून,
बायकोला बरोबर घेऊन,
आणि चौकीत सांगावं तसं म्हणाले :
"त्या म्या आटवल्या."

"इलाहीभाई गेले त्या साली भाभींनी विकायला काढल्या.
भंगारवाला काचेचा भाव देत हुता, म्या चांदीचा दिला.
अकराशेच्या वर हुत्या.
सोड्याच्या ऊन पाण्यात टाकली की
साय सुटावी तशी माणसं सुटायची.
वाळवली, जाळली, टाकणखार घालून मुशीत धरली.
काचा गेल्या लोकांच्या खिडक्यांना."

कोण कोण होतं, बघितलं नाहीत?

"बघितलं की. समदं उलटं. केस पांढरे, दात काळे.
माझा बा वळखला म्या.
पर तवर हात पाण्यात गेला हुता."

किती निघाली?

"तीन तोळं. वर चार गुंजा."

गजराकाकूंनी लुगड्याचा काठ जरासा वर घेतला.
जोडवी. झिजून पातळ झालेली, एका जागी डाग दिलेला.
"काढाय लावू नगंस बाई, ह्यो बसलाय समोर.
हाय तशीच घे."

स्कॅनर फरशीवर ठेवला. वायर पुरेना,
शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून बोर्ड आणला.
काकूंनी आधी वाकून काचेला हात लावला, कपाळाला लावला,
"माफ करा वं," म्हणाल्या, मला नव्हे,
मग पाय ठेवला.
उजेड टाचेकडून बोटांकडं निघाला,
भेगाभेगांत थोडा थोडा थांबत.
"पंचेचाळीस वर्सं," त्या म्हणाल्या,
"रानात, बाजारात, परसाकडंला,
समदा गाव पायात घालून हिंडले मी."
देवकर हसले नाहीत.

त्या दिवसापासून जाता-येता
पेठेतल्या जुन्या खिडक्या बघते.
काही दिसत नाही. सोडा चांगला होता.

फाईल क्रमांक चारशे बारा.
साल दोन लिहिली, एक अंदाजे.
छायाचित्रकार : इलाही तांबोळी. दुसरं काय लिहिणार?
व्यक्तींचा आकडा अकराशे टाकला,
तर लाल अक्षरात विचारणा आली : खात्री आहे का?

तेवढ्यात काकू दारातून परत फिरल्या.
"बाई, पाय माझा म्हणून लिव्हू नगंस.
लोक हसत्याल."
मी कीबोर्डवर हात तसाच ठेवून विचारलं,
मग कुणाचा लिहू?
काकूंनी नवऱ्याकडं बघितलं.
तो वाकून चपला घालत होता,
आणि वीज गेली.