इतिवृत्त, मुद्दा अकरा

जतला गेलो ते जनसुनावणीचं इतिवृत्त लिहायला.
सहाची एस.टी., मांडीवर लॅपटॉप,
पिशवीत टेबलावर ठेवायच्या पाट्या.
मंगल कार्यालयात सोय केली होती.
भिंतीवर कालचं लग्न तसंच, थर्माकोलचं,
नवरीचं नाव अर्धं गळालेलं,
आणि त्याखाली आमचा फ्लेक्स:
आरोग्य सेवा सुधारणा, मसुद्यावर हरकती व सूचना.

पाट्या मांडल्या. खुर्च्या भरल्या,
एक सोडून.
'वैद्यकीय अधिकारी' ही पाटी मी सवयीनं आणलेली,
पद तीन वर्षं रिक्त.
उचलायला गेलो तर साहेब म्हणाले, असू दे, फोटोत बरं दिसतं.
मग एक म्हातारा आला आणि तिथं बसला, गुडघा चोळत.
कुणी उठवलं नाही.
दोन तास तोच आमचा डॉक्टर.

लोक बोलत गेले, मी टंकत गेलो.
मुद्दा दोन: कुत्रं चावलं तर लस तालुक्याला, तालुक्यात नसली तर सांगलीला,
तोवर कुत्र्यावर नजर ठेवा असं सांगितलं जातं.
मुद्दा चार: बाँडवाले डॉक्टर येतात, क्वार्टर बघतात, रजेवर जातात.
एक पोरगं फिस्सकन हसलं. ते लिहायचं नसतं.
मुद्दा सात: निवृत्त कंपाउंडर म्हेत्रे उठले, म्हणाले,
लोक अजून माझ्याकडंच येतात, देतो मी गोळ्या,
लिहा नाव, करा केस.
साहेबांनी मान हलवली.
नाव लिहिलं नाही.

उत्तर मात्र शब्दशः घेतलं:
जाहिरात चार वेळा दिली, अर्ज शून्य.
मी मिरजेत राहतो.
खाली सोनोग्राफी, वरच्या मजल्यावर दातांचे,
समोर हाडांचे दोघं, सख्खे भाऊ, बोलत नाहीत एकमेकांशी.
रात्री त्यांच्या पाट्यांचा उजेड माझ्या अंथरुणावर पडतो, हिरवा, निळा.
ते कुणी विचारलं नव्हतं,
म्हणून सांगितलं नाही.

शेवटी नीलव्वा. आडनाव हजेरीत सापडलं नाही.
माइक हातात दिला नाही कुणी, तोंडासमोर धरला.
सात मिनिटं कानडीत बोलली,
रडली नाही, थांबली नाही,
मधेच उजव्या मुठीनं हवेवर मारलं,
तीनदा.
साहेबांनी आशाताई ऐवळेंकडं पाहिलं. काय म्हणते?
ऐवळेबाईंनी पदर सारखा केला.
"उशीर झाला, म्हणते."
एवढंच?
"एवढंच, सर."
त्यांचं मानधन चार महिने थकलेलं, ते मुद्दा नऊमध्ये आहे.
मी लिहिलं. अकरा: विलंब.

चहा झाला. खुर्च्यांवर खुर्च्या चढल्या.
म्हातारा उठेना म्हणून त्याची तेवढी राहिली.

परतीच्या गाडीत एक शब्द कानात खडखडत राहिला,
सुट्या खिळ्यासारखा.
तिनं चारदा तरी म्हटला असेल.
बागिलु.
कंडक्टर अथणीकडचा वाटला, त्याला विचारलं.
तिकिटं मोजता मोजता म्हणाला,
"दार की ओ, साहेब."

दुसऱ्या दिवशी मसुदा सहीला नेला.
अकराव्या मुद्द्यात तो शब्द तसाच टाकला होता,
खाली संगणकाची लाल नागमोडी रेघ.
साहेबांनी पेन टेकवलं. हे काय?
दार, सर.
मग दार लिहा ना.
लिहिलं.
विलंबाच्या आधी, स्वल्पविराम देऊन, एक दार.
कुठलं, किती वाजता, आत कुणी होतं का,
त्यांनी विचारलं नाही.
सही केली, आवक-जावक नंबर टाकला,
आणि मी निघताना म्हणाले,
जाताना ते ओढून घ्या.