मालकाचा रकाना

बंदरावरच्या बर्फ-कारखान्याच्या माडीवर
माझी भाड्याची खोली आहे,
कारण फायबरची तार या खांबापर्यंत आली आणि थांबली.
पुढच्या वेंगुर्ल्यानं आपलं काय ते बघून घ्यावं.

पुण्याहून फोन : सकाळी यादी हवी.
मशिनी किती, कुठल्या, किती जुन्या, कुणाच्या.
एका बटणाचं काम आहे, म्हणाले.
दीडशे जणींनी त्या बटणाला ओ दिली.
उरल्या त्रेसष्ट,
ज्यांना दारात जाऊनच विचारावं लागतं.

म्हणून एकेक.
किल्ली लाव. आत शीर. स्क्रिप्ट चिकटव.
चालव.
परवानगी नाकारली.
हं. आधी हक्क दे, मग चालव.
थांब.
नाव, मेमरी, डिस्क, आवृत्ती, किती दिवस जागी.
ओळ उचल, तक्त्यात टाक, बाहेर पड.
पुढचं दार.

यांना ढगात आहेत म्हणायचं.
मी एकीलाही पाहिलेलं नाही,
फक्त त्यांचे पंखे कुठेतरी फिरत असणार
आणि कुणीतरी त्यांच्या थंडीचं बिल भरत असणार.

थंडी खरी आहे ती खाली.
मिठाच्या पाण्याच्या टाकीत तीनशे डबे उभे,
वर फळ्यांची झाकणं, आणि पास्कू फर्नांडिस.
तासातासाला तो फळी उचलतो,
बॅटरी मारतो,
मधलं पाणी मिटलं का बघतो.
मिटलं की भिंतीवर खडूची रेघ.
शेठनं नवा मीटर बसवलाय, लाल आकड्यांचा.
पास्कू त्याच्याकडे बघतही नाही.
"तो टाकयेचा सांगता," म्हणतो, "डब्याचा नाय."

अकराला वीज गेली.
कॉम्प्रेसर थांबला तेव्हा कळलं
की इतका वेळ समुद्रही होता.
मी एकेचाळिसाव्या मशीनवर होते, अर्ध्यात.
वीज आली, परत चालवलं,
आणि ती बया तक्त्यात दोनदा उगवली.
एक ओळ खोडली. कुठली खरी, ते न बघता.

अठ्ठावन्नावीचं नाव : तात्पुरती-दोन.
जागी : एकोणीसशे चार दिवस.
काम : रोज मध्यरात्री एक फाईल घेऊन निघणं.
द्यायची ते ठिकाण केव्हाच बंद झालंय.
ही जाते, दार वाजवते, परत येते,
आपल्या वहीत लिहिते : पोचलं नाही.
एकोणीसशे रात्री नसतील, पण हजारभर तरी मोजल्या मी,
मग मोजणं सोडलं.

बनवणारी कुणी एस. ठुंबरे.
ग्रुपवर विचारलं. कोण ठुंबरे?
एकानं अंगठा दाखवला, का ते माहीत नाही.

नियम साधा आहे :
मालकाचा रकाना रिकामा, तर शुक्रवारी बंद.

चारला पास्कू चहा घेऊन वर आला.
"झाला काय गो वैजू?"
म्हटलं, एकीला मालकच नाही. काही करत नाही. नुसती चालू आहे.
तो पडद्याकडे बघत राहिला, जणू तिथे फळी आहे
आणि उचलली की आत दिसेल.
"एकशे बारावो डबो गळता," म्हणाला.
"तरी रोज भरतंय."
का?
"रिकामो ठेवलो तर तरंगता. मगे बाजूचे दोन कलंडतत."
बशीत ओतून चहा प्यायला आणि गेला.

मी परत आत शिरले.
या वेळी यादीसाठी नाही.
कोण कोण हिला टेकून उभं आहे ते बघायला.
पहाटेपर्यंत काही सापडलं नाही.
म्हणजे कुणी नाही असं नाही.

खाली क्रशर सुरू झाला,
ट्रॉलरवाले आले, बर्फाच्या लाद्या फुटू लागल्या,
पास्कूची भिंत ओल्या फडक्यानं पुसली जात होती.
मालकाच्या रकान्यात मी लिहिलं :
तूर्तास, मी.
पुण्याला आवडणार नाही.

उरल्या पाच.
किल्ली लाव.