बाराव्या मात्रेवर

आमच्या घरात बाराव्या मात्रेवर श्वास तुटतो.
चार पिढ्या झाल्या.
अल्हैया बिलावल, तिलवाडा, अस्ताईची दुसरी ओळ,
शब्द 'अवगुन'.
'अव' म्हणायचं, थांबायचं,
तंबोऱ्याच्या दोन झंकारांएवढी जागा मोकळी सोडायची,
मग 'गुन'.

कुणा जाणकारानं कधीकाळी लिहिलं होतं,
त्र्यंबकबुवा खिरवडकर
अवगुणातला गुण सुटा करून दाखवतात.
कात्रण अजून आहे पेटीच्या खोक्यात,
डांबरगोळ्यांच्या वासात.
दादांनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा
आत्या पलीकडे मटार सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
दमा होता रे आजोबांना.
पौषातलं जनकगंज, शेगडीचा धूर,
गुण कसला सुटा करतायत,
धाप लागायची.

दादा हसले नाहीत.
त्यांनी खर्जाची खुंटी पिळली,
तार लागलेलीच होती.

पणजोबांना विचारायची आजोबांची छाती नव्हती.
दादांची छाती तालमीतली, रोजच्या शंभर जोरांची,
पण तिथं आले की तेही
दारात चप्पल काढावी तसा श्वास काढून ठेवायचे.
मला शिकवताना बोलायचे नाहीत.
गुडघ्यावरचा अंगठा फक्त उचलायचे.
तो अंगठा मी इतकी वर्षं पाहिला
की गॅसवाल्याला फोनवर पत्ता सांगतानाही
मध्येच थांबते,
तो म्हणतो, हॅलो, हॅलो, मॅडम?

माझी फुप्फुसं ठणठणीत आहेत.
उरवाई दरवाजाचा चढ मी न थांबता चढते.

नीतू कुशवाह हजिऱ्याहून येते,
दोन टेंपो बदलून.
तिच्या वडलांची गजकची गाडी.
हिवाळाभर तिच्या बोटांना तिळाचा वास,
तंबोऱ्याच्या भोपळ्यालाही तो लागलाय.
परवा म्हणाली, दीदी, यहाँ रुकते क्यों हैं?

माझ्याकडे उत्तरं होती.
ठेवणीतली, घडीची मोड न झालेली.
परंपरा म्हणणार होते,
तोंडातून निघालं, दमा.
ती जराशी गोंधळली. मग म्हणाली,
मुझे तो नहीं है.

आणि गायली.
सबंध शब्द, एका दमात.
धैवतावरून खाली येता येता
त्या फटीत
एक कोमल निषाद निघाला,
इवलासा, तिरका,
शंभर वर्षं कुणी न झाडलेल्या कोपऱ्यात
सुपारी सापडावी तसा.

म्हणजे बंदिश बांधली तेव्हा दमा नसावा.
पंचविशीचे असतील पणजोबा,
मिशी काळी, शेगडीपासून लांब बसलेले.
स्वतःच ठेवलेल्या स्वराला
पुढे त्यांचा हात पोचेना,
आणि आम्ही?
आम्ही त्यांची धाप घोटली, सोन्यासारखी,
पहाटे चारला उठून.

मी नीतूला शाबास म्हटलं नाही.
फिर से, एवढंच म्हटलं.
सातदा गायली. सातही वेळा तो तिथंच होता.

दादांच्या पुण्यतिथीला सकाळची बैठक.
सतरंजीवर पस्तीसेक माणसं, शाली, कानटोप्या,
ठेक्याला मुश्ताकभाई.
नीतू मागं तंबोऱ्यावर,
गळाही देत होती.
रात्रभर ठरवलं होतं की आज जायचं, थांबायचं नाही.
बारावी मात्रा आली.
माझा अंगठा उठला.

मी थांबले.
ती गेली.

माझ्या मोकळ्या जागेतून तिचा आवाज
सरळ उतरला पलीकडे,
आणि 'गुन' आम्ही दोघींनी एकत्र म्हटलं.
वाहवा आली एक, मधल्या रांगेतून.
कुणाला, ते नंतर मुश्ताकभाईंना विचारलं.
ते तबल्याला गवसणी घालत होते, म्हणाले,
मैं तो सम देख रहा था.

दुपारी सगळे गेल्यावर
नीतूनं आणलेला गजकचा पुडा सोडला.
तिळाचा दाणा घशात अडकला एक,
आणि मी भिंतीला हात लावून
बराच वेळ खोकत राहिले.