साल

निरंजन, तुझा कोरा तक्ता पोचला.
ओहायोहून शहापुरात यायला त्याला क्षण लागला असेल,
मला भरायला चार महिने लागले.

नाव: पुंडलिक रामकृष्ण माजगावकर.
जन्म: अठराशे शेहेचाळीस, खानापूर. तिथी मिळाली, तारीख नाही.
शिक्षण: इंग्रजी पाचवी; कायदा पुढं
उसन्या पुस्तकांतून, उसन्या तेलावर.
धंदा: वकिली. सनद एक्क्याहत्तरची.
राजकारण: म्युनिसिपालटीचा मेंबर, दोन खेपा.
तिसऱ्या खेपेला अकरा मतांनी पडला.

मतापुरती गणपत गल्लीत एक खोली होती.
झोपायला शहापूर, सांगलीकरांच्या हद्दीत.
रोज सकाळी इंग्रजांच्या राज्यात जायचा,
दिवेलागणीला परत.
हद्द तेव्हाही होतीच की.
लोक तिच्यावर भांडत नव्हते, जकात भरत होते.

बायका दोन. लक्ष्मी, सतराव्या वर्षी बाळंतपणात गेली.
सत्यभामा कारवारकडची,
तिला घाटावरचं पाणी शेवटपर्यंत मानवलं नाही.
मुलं सात झाली, चार राहिली.
विनायक तुझा पणजोबा.
धाकटा नाटक कंपनीबरोबर हुबळीला गेला, तिथलाच झाला.
त्याची पतवंडं मला लग्नात भेटतात.
आम्ही एकमेकांकडं बघून खूप हसतो, कन्नडमध्ये.

आता तुंगा.
तुझ्या तक्त्यात मुलीला दोनच रकाने: विवाह, अपत्यं.
विवाह नवव्या वर्षी. बाराव्या वर्षी संपला.
अपत्यं नाहीत.
तुझी रेघ तिथं थांबते, आणि मी तिथंच अडकले.

ताकवाल्या गंगव्वाकडून ती कन्नड शिकली होती,
कुणी न शिकवता, नुसतं भांडं पुढं धरून.
ओसरीवर एक दिवस संपगावचा गुरुसिद्धप्पा बळेगार
बांगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन सांगत होता, साल तीरितु.
कारकुनानं लिहिलं: साल सरलं.
वकील मुदतीचा कायदा चाळू लागले.
दाराआडून तांदूळ निवडता निवडता आवाज आला,
बाबा, साल म्हणजे वर्ष नव्हे. कर्ज.
तो म्हणतोय, फेडलं.

दावा जिंकला.
त्यानंतर पक्षकारांची सतरंजी त्या दाराजवळ सरकली.
का, ते घरात कुणी बोललं नाही.
गावात बोलबाला झाला, ह्या वकिलाला आमचं कळतं.
मतं त्याच वाटेनं आली.

छत्तीस वर्षं मी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली.
मोडीतल्या अर्जांच्या समासात
एक बारीक, गोल, कन्नड अक्षर मला अधूनमधून दिसायचं.
मी त्याला वाळवी समजत होते.

ठरावही वाचला. मुलींच्या शाळेला दरसाल शंभर रुपये.
सूचक: माजगावकर. टाळ्यांची नोंद आहे.
त्या वर्षी तुंगा चौदाची. घरात. केस काढलेली.
मी त्याला दोष देत नाही.
देते.
परवा देत नव्हते.

मृत्यू: नव्व्याण्णव, गाठीचा ताप,
गावाबाहेर, तट्ट्याच्या झोपडीत.
जवळ तीच.
शेवटी तो इंग्रजीत बरळत होता, युवर ऑनर, युवर ऑनर.
तिला ती एकच भाषा येत नव्हती.

पुढं चाळीस वर्षं ती कोष्ट्यांच्या गल्लीत
कट्ट्यावर बसून लोकांची पत्रं लिहायची,
दोन्ही भाषांत. पत्राला अर्धा आणा.
हातमागाच्या खटखटीत मजकूर ओरडून सांगावा लागे,
त्यामुळं सगळ्यांची गुपितं सगळ्यांना ठाऊक.

तक्ता परत पाठवतेय.
तिच्यापुढं धंद्याचा रकाना नव्हता.
मी पट्टीनं रेघ मारून केला, थोडी वाकडी गेली.
त्यात लिहिलंय: वकिली.

अक्षर लागलं नाही तर फोन कर.
पहाटे तीननंतर कर,
नळाला पाणी येतं तेव्हा मी जागीच असते.