कनातीच्या पलीकडून

सेलूच्या मोंढ्यात तंबू लागला,
चैत्रात, कापूस उठून गेल्यावर.
इंजिनाची धडधड वेशीपर्यंत.
टांग्यातून भोंगा ओरडत गेला :
नवरा-बायकोचा खेळ, पोट धरून हसा,
आज शेवटचा!
शेवटचा आठ दिवस चालला.

बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे,
मधे कनात.
पडदा मात्र एकच,
त्यावरचा नवरा सगळ्यांना सारखाच दिसायचा.

बरा होता. पातळ मिशी, विम्याचा एजंट.
बायकोला म्हणतो, साहेबांनी नाशकाला बोलावलंय,
आणि तीन गल्ल्या सोडून
पेटी शिकवणाऱ्या बाईकडे जाऊन बसतो.
त्याची बायको त्याला नावानं हाक मारी.
पहिल्यांदा मारली तेव्हा आमची बाजू गप्पच झाली,
मग गोदू सोनारीण तोंडात पदर कोंबून खिदळली,
मग आम्ही सगळ्याच.
मी आमच्यांचं नाव तोवर दोनदाच घेतलेलं,
लग्नात आणि बारशाला,
दोन्ही वेळा उखाण्यात गुंडाळून.

पण त्यांचं हसू मला ओळखू यायचं.
आधी नाकातून एक फुसका,
मग पायरी चुकल्यासारखं हा, हाहा,
शेवटी खोकला.
चारशे माणसांत, अंधारात,
रॉकेलच्या न् भाजल्या शेंगांच्या वासात
मी ते वेचून काढायचे,
सुपातला खडा काढावा तसं.
एजंट कपाटात शिरला : हसले.
बाईचा भाऊ दारात, हा घाबरून पेटी वाजवायला बसला :
हसले, खोकले.
रीळ तुटलं, पोरांनी शिट्ट्या घातल्या,
तेव्हासुद्धा हसले.

मग तो घरी येतो, रात्रीचा.
कोट उलटा. अस्तर बाहेर,
खिसे लोंबतायत शेळीच्या कानासारखे.
बायको बघते. बोलत नाही.
ताट वाढते.

तंबू फुटला हसून.
माझं हसू काही पलीकडून आलं नाही.

म्हणलं, शेंग अडकली असंल घशात.

मग सोमवार आठवला.
सरकीचे नमुने घेऊन जालन्याला गेलेले,
रात्रीच्या गाडीनं आले.
बंडीची शिवण बाहेर होती, खिसाही.
मीच ती सुलटी करून बादलीत टाकली
आणि भाकरी थापायला बसले.
माय गं, हाताला कळलं नाही!
पडद्यावर दाखवावं लागलं.

रेल्वे फाटकापाशी त्यांनी विचारलं, कसा वाटला?
मी म्हणलं, बरा होता.
कोट लई भारी होता.
मालगाडी जाईपर्यंत दोघं उभे राहिलो.
लांब होती.

दुसऱ्या दिवशी धुणं वाळलं,
तसे सात सदरे, चार बंड्या
मी उलट्याच घड्या घालून ट्रंकेत रचल्या.
लग्नातला कोटही.
सकाळी ते ट्रंकेपुढं बराच वेळ बसले.
मग एकेक काढून सुलटं करत गेले,
बाह्यांत हात घालून, खांद्यापर्यंत.
मी चुलीपाशी. चहा उतू गेला.
पुढच्या सोमवारपासून नमुने गड्याबरोबर जाऊ लागले.

ती कोण, पेटी वाजवायची का नाही,
मी विचारलं नाही.
कधीमधी वाटतं,
तिलाही कुणी दाखवायला पाहिजे होता हा खेळ.

परवा दुपारी टीव्हीवर लागला तोच.
नातसून म्हणाली, आजी, किती हळू चालतो हा!
ते खुर्चीत. ऐकू कमी येतं, दिसतंही धूसर.
कोट आला, शेळीचे कान आले,
आणि नाकातून फुसका,
मग हा, हाहा,
मग खोकला.

मी पाणी दिलं.
मला हसू आलं नाही तेवढ्यात,
नंतर आलं, स्वयंपाकघरात, एकटीला.

थंडीचा स्वेटर आज त्यांनी उलटा घातलाय.
सकाळपासून शिवण मिरवत हिंडतायत घरभर.
नातसून सांगायला निघाली,
मी तिचा हात धरला.
राहू दे गं.